गुलाब थांबल्यानंतर

मी बँकेत बत्तीस वर्षं काढली. कागद दाखवल्याशिवाय कुणाचं काही खरं मानलं नाही. आमच्या घरात बुद्धवंदना होते, अंगारे-धुपारे नाहीत. तेव्हा वाचून ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. मीही हसलेच असते.

पण हे घडलंय. लखनौमध्ये, आमच्या अलीगंजच्या फ्लॅटमध्ये, गेल्या नोव्हेंबरात. आणि रात्री-बेरात्री नाही... भर दुपारी तीन वाजता.

आधी आमच्या ह्यांचं सांगते. आशुतोष रिटायर झाले आणि त्यांना एक खूळ लागलं. जुन्या व्हिडिओ कॅसेट जमवायच्या. त्याही लोकांच्या घरच्या, शादी-मुंडनाच्या. बरं, शादीसुद्धा बघायची नाही! फक्त सुरुवातीचा स्टुडिओचा लोगो. गल्लीगल्लीत स्टुडिओ होते तेव्हा, प्रत्येकाचा वेगळा. कुठे फिरणारा गुलाब, कुठे हंसांची जोडी, खाली फोन नंबर, मागे टिणटिण संगीत.

"ही कलाच गेली यार, नीलम," म्हणायचे. मी म्हणायचे, बरं झालं गेली. पण खरं सांगते, मला बरं वाटायचं. चेतना गेल्यापासून ते पहिल्यांदाच कशात तरी रमले होते.

चेतना आमची मुलगी. एकुलती एक. सहा वर्षांची असताना मेंदूज्वराने गेली, त्याला आता पंचवीस वर्षं झाली. तिच्या पाचव्या वाढदिवसाची एक कॅसेट आहे. तिचा आवाज फक्त त्या कॅसेटमध्येच आहे. चेतनाच्याच फ्रॉकमध्ये गुंडाळून ती आम्ही कपाटात ठेवलेली. वर्षातून एकदा काढायची, बघायची, परत ठेवायची.

तर ह्यांनी सगळे लोगो एकाच कॅसेटवर उतरवायचं ठरवलं. कोरी कॅसेट आता मिळते कुठे?

कॅसेटच्या कडेला प्लास्टिकचा एक छोटा तुकडा असतो. तो तोडला की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. जपायच्या कॅसेटचा तुकडा लोक आठवणीने तोडायचे. पण त्या भोकावर सेलोटेप चिकटवली की कॅसेट पुन्हा पुसता येते.

चौकातल्या भंगारवाल्याकडून आणलेली एक कॅसेट ह्यांनी घेतली. तिचा गुलाबाचा लोगो ठेवला. त्यापुढचं सगळं पुसून बाकीचे लोगो भरले. गुलाबाच्या लगेच मागे हंस. हंस आमच्या चेतनाच्याच कॅसेटवरचे.

आणि सेलोटेप मी दिली. दातांनी तोडून. कात्री शोधायचा कंटाळा माझा!

आठवडाभराने बेल वाजली. दारात एक म्हाताऱ्या बाई, डोक्यावर चिकनच्या भरतकामाची ओढणी, धापा टाकत. भंगारवाल्याने पत्ता दिला म्हणाल्या. सुनेने घर आवरताना भंगारात एक कॅसेट देऊन टाकली होती. भावाच्या निकाहची. भाऊ आता नाही. त्याची तेवढीच निशाणी होती म्हणाल्या.

आशुतोषनी सरळ सांगितलं, अशी कॅसेट आमच्याकडे आलीच नाही. मी मागे उभी होते. मी तोंड उघडलं नाही.

तेवढ्यात आत लोगोचं ते टिणटिण संगीत वाजलं. कॅसेट तपासायला ह्यांनी नुकतीच लावली होती.

"यही है," म्हणत बाई आत आल्या. पडद्यावर गुलाब फिरला, थांबला. हंस आले. मग दुसरा लोगो, मग तिसरा. बाई उभ्याच होत्या.

"गुलाब के बाद मेरा भाई सलाम करता था," त्या म्हणाल्या.

मी पाणी आणलं. त्यांनी घेतलं नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "आपके यहाँ किसी की आवाज़ रखी है?"

"बेटी की," मी म्हटलं.

"सँभालकर रखिएगा." शांतपणे म्हणाल्या. शाप नाही, राग नाही. आणि जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता आशुतोषनी मला हाक मारली. गुलाब थांबल्यावर पडदा काही क्षण रिकामा राहत होता. आधी तिथे अशी जागा नव्हती.

आणि त्या रिकाम्या जागेत... कुणीतरी श्वास घेतला.

बोलायच्या आधी घेतो ना आपण, तसा.

मग हंस आले.

तिसऱ्या दिवशी ती जागा वाढली. चौथ्या दिवशी मी मोजली. अकरा सेकंद. आणि श्वास आता म्हाताऱ्या माणसाचा, तरुण माणसाचा, कुणा मोठ्याचा नव्हता...

तो लहान मुलाचा होता.

मी कपाटाकडे धावले. फ्रॉक सोडला, कॅसेट लावली. हंस आले. मग आमचा हॉल, फुगे, केक. शेजारपाजारचे सगळे एका खुर्चीकडे बघून टाळ्या वाजवत होते.

खुर्ची रिकामी होती.

मेणबत्त्यांच्या ज्योती वाकल्या... आणि विझल्या. मग माझा त्या वेळचा आवाज आला, "बोल ना बाळा, काय पाहिजे तुला?"

श्वास ऐकू आला. पुढे काही नाही.

आशुतोषनी कॅसेट काढली. चेतना गेली त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः या कॅसेटचा तुकडा तोडला होता. आता त्या भोकावर सेलोटेप होती. पिवळी पडलेली, सुकलेली, पंचवीस वर्षांपूर्वी लावलेली असावी इतकी जुनी.

"मी नाही लावली गं," ते म्हणाले.

सेलोटेपच्या टोकाला दातांच्या खुणा होत्या.

बाईंना शोधायला आम्ही चार वेळा चौकात गेलो. भंगारवाला म्हणाला, अशी कुणी आलीच नाही, मी कुणाला पत्ता दिलाच नाही. आणि सापडल्या असत्या तरी त्यांना देणार काय होतो आम्ही? त्यांचा भाऊ पुसला, तो आम्हीच.

कॅसेट दुरुस्त करणाऱ्या दोघांना चेतनाची कॅसेट दाखवली. दोघांनीही तेच सांगितलं. टेपवर जे नाही ते परत येत नाही.

परवा जेवताना आशुतोष म्हणाले, चेतना तुला 'आई' म्हणायची. मी म्हटलं, छे, 'मम्मी'. शाळेतून हिंदीच बोलत यायची ती. आम्ही भांडलो. चांगलं अर्धा तास भांडलो.

दोघांनाही आठवत नव्हतं.

आताही तीन वाजलेत. आतला टीव्ही बंद आहे, प्लग मी स्वतः काढून ठेवलाय. तरी आत कुणीतरी श्वास घेतलाय...

मी इथे बसलेय. ती मला काय म्हणून हाक मारायची, तेवढंच मला ऐकायचंय.

ती बोलत नाही.