संपादकाने दोन्ही ठेवले

निमिषचा मोबाइल माझ्या पायाशी पडला, तेव्हा त्यातून एक वृद्ध गृहस्थ इंग्रजीत नोहाच्या तारवाविषयी बोलत होते. सांगलीच्या डायलिसिस कक्षात हे अनपेक्षित होते. त्याच्या शेजारच्या खाटेवर माझे वडील, आप्पासो. मी त्यांना आटपाडीहून आणले होते. निमिषचा डावा हात सुयांनी यंत्राला जोडलेला होता.

"उचलून द्याल? आणि जरा... धराल? प्रश्नोत्तरं सुरू झाली आहेत."

"हे काय आहे?"

"बायबलच्या अभ्यासकांची परिषद. दरवर्षी युरोपात भरते. मी दरवर्षी इथून हजर असतो."

"तुम्ही ख्रिश्चन?"

"नाही, साताऱ्याचा."

मी भौतिकशास्त्र शिकवते. मला हसायला कारण लागते. हे पुरेसे होते.

"धर की गं," आप्पा म्हणाले. "सर सुया टोचून घिऊन परदेशी निघाल्यात, आन् तू आडवं प्रश्न इचारतीस!"

मी मोबाइल धरला. त्यानंतर आप्पांच्या आणि त्याच्या डायलिसिसच्या पाळ्या एकत्रच येत राहिल्या. निमिष हिब्रू शिकला होता. नोहाने प्रलयातून प्राणी तारवात, म्हणजे नावेत, घेऊन वाचवले त्या कथेवर त्याचे काम चालू होते.

"त्या कथेत दोन वृत्तान्त एकमेकांत विणले आहेत," तो एकदा म्हणाला. "एका ठिकाणी प्रत्येक प्राण्याची एक जोडी. पुढे काहींच्या सात. संपादकाला हे दिसलं नसेल?"

"प्रयोगशाळेत याला चूक म्हणतात."

"मी म्हणतो, त्याला दोन्हींपैकी एकही वृत्तान्त गमवायचा नव्हता."

"पुरावा?"

"नाही..." तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. "तुम्ही हा शब्द फार गोड उच्चारता."

यंत्रावरचे आकडे वाचण्यात मी अकारण गढून गेले. आप्पा आणि निमिष, दोघांनाही पाणी मोजून प्यावे लागे. त्यावर आप्पा म्हणत, "सर, आमी आटपाडीचं, दुष्काळातलं. पाणी जपायचं आमास्नी शिकवाय लागत न्हाई."

दिवाळीच्या सुमारास आप्पा गेले. सांगलीला जाण्याचे कारण संपले, आणि मी गेले नाही.

उन्हाळ्यात निमिषचा फोन आला. परिषदेने त्याचा निबंध स्वीकारला होता. तो सांगलीतूनच वाचायचा होता, आणि वेळ नेमकी डायलिसिसची.

"मोबाइल धरायला कुणी नाही."

"बाजारात स्टँड मिळतं."

"मिळतं. पण ते आडवे प्रश्न विचारत नाही."

मी गेले. कक्षाबाहेर त्याच्या आईने मला थांबवले. तिने सांगितले: निमिषचे हृदय निकामी होत चालले होते. प्रत्यारोपण शक्य नव्हते. तो पुढचा उन्हाळा पाहील असे डॉक्टरांना वाटत नव्हते. हे सारे त्यालाही सांगून झाले होते.

आत तो इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता; डावी बाही खांद्यापर्यंत दुमडलेली. "पुढच्या वर्षी तिकडे जाऊन वाचू," तो म्हणाला. "दोघं."

"पुरावा?" माझ्या तोंडून सवयीने गेले. तो हसला. मला तो शब्द परत घेता आला नाही.

निबंध निम्म्यावर आला आणि त्याचा आवाज क्षीण होत गेला. यंत्र ओरडू लागले. रक्तदाब उतरला होता. परिचारिका श्रद्धाने खाट मागे कलती केली, पाय उंच केले, सलाइन सोडले. "सर, डोळे मिटू नका, बोलत राहा."

"वाचा..." तो माझ्याकडे पाहून इतकेच बोलला.

एका हातात मोबाइल, दुसऱ्यात त्याचे कागद. ज्या निष्कर्षाचा मी वर्षभरापूर्वी पुरावा मागितला होता, तो मी अनोळखी विद्वानांपुढे वाचून पूर्ण केला. माझा आवाज स्थिर राहिला. वर्गात शिकवण्याचा हा एक फायदा.

टाळ्या विरल्यावर अध्यक्षबाई म्हणाल्या, लेखक पुढच्या वर्षी प्रत्यक्ष भेटतील अशी आशा आहे.

याचे उत्तर कागदावर नव्हते. जे तपासता येत नाही ते मी कधी ठामपणे बोललेले नाही. खाटेवर निमिषचे डोळे अर्धवट उघडे होते. तो ऐकत होता.

"येऊ," मी इंग्रजीत म्हणाले. "आम्ही दोघंही येऊ."

मोबाइलचा पडदा काळा झाला.

"पुरावा?" त्याने विचारले. आवाज जेमतेम ऐकू आला.

"नाही," मी म्हणाले, आणि मोबाइल खाली ठेवून त्याचा मोकळा, गार पडलेला उजवा हात दोन्ही हातांत घेतला.

डॉक्टरांचे वाक्य मी खोडले नाही. माझे 'येऊ' त्याच्या शेजारी ठेवले.