पुढे गेलेली माणसं

सामानाचा ट्रक आदल्या दिवशीच रवाना झाला होता. ट्रकमध्ये जे मावलं नाही, ते सगळं त्यांच्या जुन्या निळ्या गाडीत कोंबलं होतं. उशा, इस्त्री, कोरफडीची कुंडी, आणि भिंतीवरचं घड्याळ. ते घड्याळ कुठे ठेवायचं हे कुणालाच सुचलं नाही, म्हणून शेवटी मागच्या सीटवर लेकीच्या मांडीवर आलं. लेक त्याला दोन्ही हातांनी धरून बसली होती, जणू काही ते उडून जाणार होतं.

दोन दिवसांचा प्रवास होता. नवरा छापखान्यातली यंत्रं दुरुस्त करायचा आणि दूरच्या एका बंदराच्या गावात त्याला मोठ्या छापखान्यात चांगली जागा मिळाली होती. बायकोला मात्र आपली नोकरी सोडावी लागली होती. ती विमा कंपनीत अपघातांच्या दाव्यांची तपासणी करायची. दार कसं चेपलंय हे पाहून धडक कुठून बसली, आत कोण कुठे बसलं होतं आणि सांगणारा कुठे थापा मारतोय, हे ती बसल्या जागी ओळखायची. नवरा तिला ‘फौजदार’ म्हणायचा. लाडात असला की लाडाने, भांडणात असला की दातओठ खाऊन.

भांडणं अलीकडे बरीच झाली होती. त्यातल्या एकात तो म्हणाला होता, “तुला यायचं नसेल तर नको येऊस. आम्ही दोघं जातो.” सकाळी उठून त्याने चहा केला, चूक झाली म्हणाला. “सोड रे,” ती म्हणाली होती. पण मनातून तिने ते सोडलं नव्हतं.

तरी निघताना सगळे खुशीत होते. ऊन कोवळं होतं, रस्ता मोकळा होता. लेक पाट्या वाचत होती आणि प्रत्येक पाटीला नवं गाव आलं का म्हणून विचारत होती. ऊन चढायला लागलं तसे ते एका चहाच्या टपरीवर थांबले. टपरीवाला किटलीतून चहा ओतता ओतता नवऱ्याकडे बघून थबकला.

“परत आलात? काही विसरलात का?”

“मी? मी पहिल्यांदाच येतोय या रस्त्याला.”

टपरीवाल्याने लेकीकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “पोरीला बरं वाटतंय ना आता? मघाशी घोटभर पाणीसुद्धा घेत नव्हती.”

नवरा हसला. “दुसरं कुणीतरी असेल, मामा.”

टपरीवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. हात जोडून नुसताच मागे सरला.

गाडी सुरू झाल्यावर बायकोला एक गोष्ट आठवली. नवऱ्याने गेल्या महिन्यात घर बघायला जाताना लेकीलाही नेलं होतं. आम्ही रेल्वेने गेलो, असं त्याने सांगितलं होतं.

“घर बघायला गेलात तेव्हा या रस्त्याने गेला होतात?” तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“रेल्वेने गेलो होतो. सांगितलं होतं की तुला.”

“मग त्याने कसं ओळखलं?”

“अगं, दिवसाला शेकडो तोंडं बघतो तो! तू आता सुट्टीवर आहेस, फौजदार. जरा डुलकी काढ.”

तिने डोळे मिटले, पण झोप कुठली. टपरीवाला ‘मघाशी’ म्हणाला होता. गेल्या महिन्यातल्या गोष्टीला कुणी मघाशी म्हणत नाही.

दुपारी पेट्रोल पंपावर गाडी लावली. ऊन मी म्हणत होतं, तापलेल्या डांबराचा वास डोक्यात जात होता. पंपावरचा पांढऱ्या मिशांचा माणूस नळी घेऊन आला. गाडीला एक फेरी मारून तो डाव्या बाजूला उभा राहिला आणि वाकून दाराकडे बघायला लागला.

“एवढ्यात दुरुस्त झालं?”

“काय?” तिने काच खाली केली.

“हे दार हो. पार आत गेलं होतं. दोरीने बांधलेलं होतं.” त्याने दाराच्या पत्र्यावरून हात फिरवला. “मीच म्हटलं यांना, असं पुढे जाऊ नका. तर म्हणाले, मागे जाऊन तरी काय करू.”

नवरा पैसे काढता काढता थांबला. “दुसरी गाडी असेल, दादा. निळ्या गाड्या काय कमी आहेत?”

“असेल बाबा,” म्हातारा म्हणाला. “पण त्या छकुलीच्या मांडीवरही असंच घड्याळ होतं. घट्ट धरून बसली होती. काच फुटलेली होती, तरी सोडत नव्हती.”

मागे लेकीने घड्याळ पोटाशी ओढून घेतलं.

“गाडीत आणखी कोण होतं?” बाईने विचारलं. कामावर विचारायची तशाच आवाजात.

“कुणी नाही. बाप-लेक दोघंच.” म्हाताऱ्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि लगेच नजर वळवली. “तुम्ही नव्हता.”

ती खाली उतरली. डावीकडचं दार म्हणजे तिच्याच बाजूचं. तिने उघडून पाहिलं, बिजागऱ्या पाहिल्या, रंगावर नख फिरवलं. दार धडधाकट होतं. असं आत गेलेलं दार तिने किती वेळा तपासलं होतं! त्या बाजूला बसलेल्या माणसाचं काय होतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

गाडी पुन्हा रस्त्याला लागली. घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. मग नवऱ्याने घसा खाकरला.

“पुढे फाटा आहे. तिथून डावीकडे वळलं की जुन्या पुलावरून लवकर पोचतो.”

“कुणी सांगितलं?”

“ट्रकवाल्याने.”

“त्याला फोन लाव.”

“आत्ता? कशाला?”

“लाव ना. माझ्यासमोर लाव.”

त्याने फोन पुढे केला. रेंज नव्हती. खरंच नव्हती, तिने आपलाही फोन पाहिला. पण संशय एकदा आत शिरला की त्याला रेंज नसणंही पुरतं. याला बरोबर इथेच रस्ता बदलायचं कसं सुचलं? पोरीला पढवून ठेवलंय का? टपरीवाला, पंपावरचा म्हातारा, सगळे सामील असतील? आपण काय विचार करतोय हे कळून तिला स्वतःचीच लाज वाटली, पण विचार थांबेना.

“गाडी थांबव,” ती म्हणाली. “मी मागे बसते.”

त्याने कडेला घेतलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून तो समोर बघत राहिला. “तुला माझा संशय येतोय.”

“मला कशाचा येतोय ते मलाच कळत नाहीये. पुलावरून जायचं नाही. मोठ्या रस्त्यानेच जायचं. आणि हळू.”

“बरं,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “तू म्हणशील तसं. पण असं बघू नकोस गं माझ्याकडे.”

ती मागे त्याच्या पाठीमागच्या जागेवर बसली आणि लेकीला जवळ ओढून घेतलं. पुढची डावी सीट रिकामी राहिली. फाटा आला, डावीकडचा रस्ता झाडीत शिरताना दिसला आणि मागे पडला. तिने श्वास सोडला.

आणि तेवढ्यात उजेड गेला. तिला नंतर आठवलं ते एवढंच, की डावीकडे खिडकीभर काहीतरी काळं उभं राहिलं. आडरस्त्यातून एक टँकर थेट अंगावर आला होता. ब्रेक किंचाळले, रबर जळल्याचा वास आला, घड्याळ खाली पडून खळ्ळकन फुटलं. मग सगळं शांत झालं. इतकं शांत, की आपले कान गेले असं तिला वाटलं.

“आई?” लेक म्हणाली.

“आहे गं. इथेच आहे.”

टँकर दाराला टेकल्यासारखा उभा होता. मधे हातभरही जागा नव्हती, पण पत्र्याला ओरखडासुद्धा नव्हता. टँकरचा ड्रायव्हर उतरला आणि पुढच्या काचेतून आत बघायला लागला. नवरा त्याला शिव्या देत होता, पण त्याचं लक्षच नव्हतं. तो रिकाम्या सीटकडे बघत होता.

“इथे... इथे बाई बसल्या होत्या ना?”

“मी मागे आहे,” ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा सीटकडे. “नाही हो... मी पाहिलं. माझ्याकडे बघत होत्या... हात वर केला होता त्यांनी...” तो तिथेच रस्त्यात मटकन बसला.

दिवेलागणीला ते लॉजवर पोचले. रस्त्याकडेला एकच दुमजली इमारत, खाली उपाहारगृह, वर खोल्या. मैलोन्‌मैल दुसरा आसरा नव्हता. नवऱ्याने उचलून घेतलेली लेक त्याच्या खांद्यावर पेंगत होती. “तुम्ही गाडीतच बसा,” बाई म्हणाली. “मी खोली बघून येते.”

अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याच्या शेडखाली ताडपत्री घातलेली एक गाडी उभी होती. ताडपत्री डाव्या बाजूला आत खचली होती आणि खालून दोरीचं टोक लोंबत होतं. ती जवळून गेली. ताडपत्री उचलून पाहिली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिने एखादी गाडी तपासली नाही.

मॅनेजर पेपर वाचत होता. “खोल्या आहेत ताई. आज वर एकच खोली लागलीय. फक्त आवाज करू नका. बाप-लेक आहेत. फार वाईट प्रसंग आलाय त्यांच्यावर.”

“काय झालं?”

“पोरीची आई...” एवढं बोलून त्याने मान हलवली.

“मी वर जाऊन खोली पाहून येऊ?”

“या की. जिना तिकडे.”

जिन्यात दिवा अंधूक होता. व्हरांड्यात टिंक्चरचा आणि धुऊन वाळत घातलेल्या कपड्यांचा ओला वास कोंदला होता. शेवटच्या खोलीच्या दाराखालून उजेडाची पट्टी बाहेर आली होती. आत कुणीतरी रडत होतं. रडून रडून थकलेलं, मधेच उचकी लागणारं रडणं. ही उचकी तिच्या ओळखीची होती. दात येताना, ताप आला असताना, शाळेच्या पहिल्या दिवशी तिने ती ऐकली होती.

परत फिरावं असं तिला वाटत होतं. पण पोर रडत असताना कोणती आई परत फिरते? तिने दारावर बोटं टेकवली. हलकेच टकटक केलं.

रडणं थांबलं.

“बाबा... आई आली!”

“नाही गं राजा.” आवाज तिच्या नवऱ्याचा होता. “झोप बघू. कुणी नाहीये.”

“आईच आहे. आई असंच वाजवते.”

“उघडू नकोस...” तो कुजबुजला. “ऐक माझं... आपण पाहिलंय ना आईला? आपण पाहिलं ना... ती आई नाहीये...”

ती दारापाशी खाली बसली. उजेडाच्या पट्टीत एक सावली आली, टेकली, आणि दाराखालच्या फटीतून चार इवलीशी बोटं बाहेर आली. बोटं चाचपडत होती.

तिने ती धरली. बोटं कोमट होती, आसवांनी ओली.

“झोप हं, पिल्ला,” ती कसंबसं म्हणाली. “मी आहे.”

सपकन कुणीतरी पोरीला मागे ओढलं, बोटं सुटली आणि दिवा विझला.

ती कशी खाली आली तिला कळलं नाही. मॅनेजरने काहीतरी विचारलं, पण ती सरळ दाराबाहेर पडली. अंगणात गाडी होती तिथेच होती. आत नवरा होता, लेक होती. दोघंही खरी, दोघंही तिची. तिने दोघांना डोळे भरून पाहून घेतलं आणि मागच्या सीटवर बसली.

“खोली नाही. पुढे चल.”

“अगं, पण पुढे काहीच...”

“चल म्हणते ना. तुझ्यावर माझा काही संशय नाही. फक्त चल.”

त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने गाडी काढली. लॉजचा दिवा मागे लहान होत गेला. आता सगळं मागे पडलं, असं तिने मनाला बजावलं. पेंगणाऱ्या लेकीला कुशीत घेतलं आणि तिची बोटं आपल्या मुठीत धरली.

लेक दचकली. झोपेतच तिने हात सोडवून घेतला आणि दाराकडे सरकली.

“आई,” ती पुटपुटली, “तुझा हात किती गार लागतोय.”