चांदणीची लाथ

"अमृत, मागं हो! आधी मागं हो!"

नुजहत ओरडली आणि त्याच क्षणी लाथ बसली! अमृत जिथे उभा होता तिथला पत्रा धाडकन वाजला. तबेल्यातल्या कोंबड्या ओरडत बाहेर पळाल्या. अमृत गवताच्या ढिगात जाऊन पडला होता.

"मी काय केलं? नुसतं खोगीर तर ठेवलं पाठीवर!"

"हिला सारोळ्यात काडेपेटी म्हणतात ते उगीच नाही," त्याची धाकटी बहीण अश्विनी दारातूनच म्हणाली.

घोडीचं खरं नाव चांदणी. वय एकोणीस. कितीतरी नवरदेव तिने वरातीत मिरवले होते, पण स्वभाव असा की छत्री उघडली तरी बिथरायची. प्लास्टिकची पिशवी उडाली की दोन पायांवर उभी! नवी टोपी दिसली की ती दातात धरायची. तरी तिचे मालक मौलाली, म्हणजे नुजहतचे नाना, तिच्यावर जीव टाकत. नुजहत दर सुट्टीत भोरहून आजोळी, सारोळ्याला यायची ती या घोडीसाठीच. तिच्या वर्गातला अमृत आणि अश्विनी शेजारच्या भोंगवलीचे. दिवाळीच्या सुट्टीत तेही गावी आले होते.

या वेळी मात्र सगळं बिघडलं होतं. आठ दिवसांपूर्वी खोगीर आवळताना चांदणीने खुद्द नानांना लाथ मारली. पाय प्लास्टरमध्ये गेला. मोहसीनमामू रोज म्हणत, "म्हातारी डोक्यानं गेली. इकून टाका!" शेवटी नानांनी मान डोलावली. परवा, गुरुवारी सकाळी सावळाराम व्यापारी टेम्पो घेऊन तिला न्यायला येणार होता.

नुजहतने खोगीर उतरवलं आणि खरारा हातात घेतला. दोन मिनिटांत चांदणीचे डोळे मिटायला लागले.

"बघा! खोगीर नसलं की कशी शांत आहे," नुजहत म्हणाली. मग तिचा हात थांबला. पाठीवर मसुरीएवढ्या बारीक खपल्या होत्या. एक, दोन, सात...

"सावळारामच!" अमृत कुजबुजला. "दोनदा बघायला आला होता ना? घोडी स्वस्तात मिळावी म्हणून तोच काहीतरी टोचून गेला असेल!"

"सगळ्यांच्या देखत? काहीतरीच!" अश्विनीने खोगिराच्या आतल्या लोकरी अस्तरावरून तळवा फिरवला. "हे तर मऊ आहे."

"मग मी जरा बसून विचार करतो," अमृत म्हणाला आणि उलट्या खोगिरावर ऐटीत बसला.

"आई गं!"

तो हातभर उंच उडाला! अश्विनी हसून हसून खाली बसली. नुजहत मात्र हसली नाही. तिने अस्तर दाबून पाहिलं. वरून हात फिरवला तर काही नाही, पण वजन पडलं की टोचायचं. नखांनी लोकर उकलून तिने एक बारीक, तपकिरी काटा ओढून काढला. मग आणखी एक.

"कुसळ!" अश्विनी म्हणाली. "आमच्या माळावर चाललं की मोजे भरून येतात. पण हितं नदीकाठी नुसता ऊस अन् भाजी. हितं कुसळ आलं कुठनं?"

"मामू रोज चार वाजता हिला पाणी पाजायला नेतात," नुजहत हळूच म्हणाली. "नदीवर."

"नदीवर कुसळ?" अमृतने विचारलं.

नुजहत हातातल्या कुसळांकडे बघत राहिली. आपल्याच मामावर संशय घ्यायचा? आणि तो खोटा निघाला तर? तिने कुसळं एका रिकाम्या काडेपेटीत भरून खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी चारला मामू खोगीर खांद्यावर टाकून घोडी घेऊन निघाले. पाठोपाठ तिघं सायकलींवरून नदीवर पोचली. घाटावर अंबूबाई कपडे धूत होत्या.

"आज्जी, आमची घोडी आली होती का?"

"घोडी? हितं?" अंबूबाईंनी कपाळावरचा फेस पुसला. "दिवाळीच्या आधीपास्नं न्हाई दिसली बघ, पोरी."

"चला माळावर!" अश्विनीने सायकल वळवली. "मला जवळची वाट म्हाईत आहे."

माळाखाली सायकली टाकून तिघं करवंदीच्या जाळीआड सरपटत गेली आणि बघतच राहिली! चांदणी जरीची झूल पांघरून उभी होती. तिच्यावर फेटा बांधलेला एक नवरदेव, शेजारी लेहेंगा सावरणारी नवरी, समोर कॅमेरा. लगाम मोहसीनमामूंच्या हातात! आणि खोगीर? ते पलीकडे वाळक्या गवतात पालथं टाकलेलं, अस्तराची बाजू खाली.

"चोर!" अमृत उठायला लागला. नुजहतने त्याची कॉलर धरली.

"आत्ता ओरडलास तर म्हणतील, आजच आणली होती. नाना त्यांचंच ऐकतील."

"मग करायचं काय? उद्या टेम्पो येणार!"

नुजहतने खिशातली काडेपेटी चाचपली. "काल तू जे केलंस तेच करायचं. पण तू नाही."

गुरुवारी सकाळी टेम्पो दारात लागला. नाना पाय पसरून खुर्चीत बसले होते. त्यांनी तबेल्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. मामू घाम पुसत आले.

"मामू, दमलात ना? बसा की," नुजहतने ओट्याकडे हात केला. तिथे टॉवेल अंथरलेला होता.

"लई शहाणी झाली भाची!" म्हणत मामू बसले.

"या अल्ला!"

मामू उडाले! पाय झाडला तो थेट बादलीला. बादली गडगडत सावळारामच्या पायाशी गेली आणि त्याचं धोतर भिजलं.

"काय झालं, मामू?" नुजहतने विचारलं. "डोक्यानं गेलात का?"

"नुजहत!" नाना गरजले.

तिने टॉवेल ओढला. खाली उलटं खोगीर! मग काडेपेटी उघडून तिने नानांच्या हातात दिली आणि माळावर पाहिलेलं सगळं सांगून टाकलं.

नानांनी एक कुसळ उजेडात धरलं. "मोहसीन?"

"फोटोवाला म्हणला, घोडी आण, कॅमेरा शिकवतो," मामूंची मान खाली गेली. "खोगीर जुनं दिसतंय म्हणला, म्हणून काढून ठिवलं. गवतात. मला काय ठाव, असं हुईल..."

"आन म्या?" नाना हळूच म्हणाले. "पन्नास वर्सं घोडी पाळली. लाथ खाल्ली, पर खोगिरावर एकदा हात दाबून न्हाई बघितला. तिलाच दोष दिला." त्यांनी डोळे पुसले. "सावळाराम, टेम्पो रिकामा न्यावा लागंल."

"नेतो की!" सावळाराम धोतर पिळत म्हणाला. "मौलालीभाई, आपन दोघं म्हातारे नुसते बोलत बसलो. पोरांनी घोडीला इचारलं. शाब्बास रं!"

मामूंना शिक्षा मिळाली. एकेक कुसळ स्वतः वेचायचं आणि खोगीर साफ झालं की नाही ते दर वेळी बसून बघायचं! संध्याकाळपर्यंत अंगणातून "या अल्ला!" ऐकू येत होतं.

"पाठ भरस्तवर खोगीर न्हाई," नानांनी बजावलं. "आन तवर तिचं सगळं नुजहतच्या हातात."

नुजहतने चांदणीच्या मानेवर गाल टेकला. अमृत रुबाबात दिवाळीची नवी टोपी घालून जवळ गेला. चांदणीने शांतपणे मान वळवली, टोपी दातात धरली आणि गव्हाणीत टाकली.

"माझी टोपी!"

"आता झाली बरी!" नाना खदखदून हसले.