पाटलीखालचा पट्टा

विजूआत्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक सुजला होता आणि घरात कुणालाच कारण कळत नव्हतं. कुणालाच म्हणजे खुद्द आत्या आणि चार्वी सोडून. ती दहा वर्षांची भाची पडद्याआड तोंड लपवून उभी होती.

"औषधाची अॅलर्जी. शक्यता मोठी," सोबती म्हणाला. सोबती हा रुग्णसेवेचा यंत्रमानव. बोलायचा थोडं, पण चुकायची सवय नसल्यासारखं.

तपासायला घरी आलेल्या डॉ. मुजावर गंभीर झाल्या. "तसं असेल तर विजूताई, उद्याचा प्रकाशोपचार रद्द करावा लागेल."

आत्याने काही बोलायला तोंड उघडलं, चार्वीकडे पाहिलं आणि मिटलं.

आत्याचा कॅन्सर पोटाच्या अस्तरावर (आतल्या पातळ आवरणावर) ठिकठिकाणी पसरला होता. ठिपके इतके बारीक, की कापून काढायचे तरी कुठून? हा एकच उपचार उरला होता. चार्वीला ते माहीत होतं.

आज रथसप्तमी. सकाळी अंगणात गोवऱ्यांवर दूध ठेवलं होतं. आत्या मात्र काल उपचाराचं औषध टोचल्यापासून जाड पडद्यांच्या खोलीत. सोबती चार्जिंगला गेला तेव्हा चार्वी म्हणाली, "सूर्याच्या सणाला कुणी अंधारात बसतं का?" आणि तिने पडदा सर्रकन सरकवला. एवढ्याने काय होतंय, म्हणून आत्यानेही अडवलं नाही. दूध उतू जाईपर्यंत आत्याचा हात खिडकीच्या कठड्यावर, भर उन्हात होता. दोघी खूश होत्या.

"पडदा मी उघडला," चार्वी कशीबशी म्हणाली. "आत्याला दूध दिसावं म्हणून."

आईने कपाळावर हात मारला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं चार्वीला झालं.

डॉ. मुजावरांनी आत्याच्या हातातली सोन्याची पाटली हळूच सरकवली. खाली लालीचा मागमूस नसलेला पट्टा होता.

"सोबती, अॅलर्जी सोन्याखाली थांबते का?"

"नाही. उजेड थांबतो," सोबती म्हणाला. "माझं निदान मागे घेतो."

"हे प्रकाशसंवेदी औषध आहे (उजेड पडला की जागं होणारं)," डॉक्टर चार्वीला म्हणाल्या. "नुसतं औषध किंवा नुसता उजेड पेशीला मारत नाही. दोन्ही एकत्र आले, की पेशीतला प्राणवायू खवळतो आणि तिला मारतो."

"मग चांगल्या पेशीही मरतील ना?"

"म्हणून तर दोन दिवस थांबायचं. बऱ्याचशा चांगल्या पेशींतून औषध लवकर निघून जातं, कॅन्सरच्या पेशींत रेंगाळतं. कातडीतही रेंगाळतं, म्हणून हे पडदे. उद्या पोटात प्रकाशतंतू (उजेड वाहून नेणारा काचेचा बारीक धागा) घालू. आधी निळा उजेड. त्यात औषध लाल चमकतं आणि लपलेले ठिपके दिसतात. मग त्यांच्यावर लाल उजेड पाडायचा. हातावर झालं तेच, पण हव्या त्या जागी."

"म्हणजे उद्या उपचार होईल?"

"होईल. हाताला मलम लावू. तू बोललीस ते बरं झालं."

डॉक्टर गेल्यावर चार्वीने खाली मान घालून विचारलं, "आत्या, तू गप्प का राहिलीस?"

"तू खोलीबाहेर गेलीस की सांगणार होते. उगाच सगळ्यांसमोर तुला ओरडा कशाला?"

तेव्हा मात्र चार्वीला सगळ्यात जास्त लाज वाटली. ती रडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोबतीने इस्पितळातून निरोप आणला, "तपासणीत न दिसलेलेही ठिपके चमकले. सगळ्यांवर उजेड पाडला. गुण किती आला ते पुढे कळेल."

आत्या घरी आली तेव्हा खोलीचे पडदे कडेकडेने चिमट्यांनी बंद केलेले होते. आत अंधारात चार्वी तिची वाट बघत बसली होती.

"पुढच्या रथसप्तमीला दूध तू ठेवायचंस," आत्या म्हणाली. "मी अंगणात बसेन. उन्हात."