अर्धी वाटी दही

हे खोटं निघालं असतं, तर मी आजही दही खाल्लं असतं. पण हे घडलंय. माझ्याच घरात.

१९९३ सालचा जानेवारी. आमचं गाव न्हावरे. एका संध्याकाळी शिरूरच्या एका शाळेत फिरतं संग्रहालय आलं होतं. सासूबाई ताईबाई, नवरा महेंद्र, चार वर्षांची मोनाली आणि मी, एसटीनं गेलो.

जमिनीतून निघालेली जुनी भांडी, मणी. मोनाली एका काचेपुढं थांबली.

"आई, आपलं मडकं!"

खरंच... तसंच करडं, रुंद तोंडाचं. आमचं सासऱ्यांना घोड नदीकाठच्या शेतात सापडलेलं. सासूबाई त्यातच दही लावायच्या. मोनालीला दुसरं दही चालायचं नाही. तेही अर्धंच खायची.

"अर्धं बाळाचं," म्हणायची. आम्ही हसायचो.

माहिती सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, "तान्हं मूल गेलं, की असल्या मडक्यात घालून पुरायचे."

सासूबाई पुटपुटल्या, "आपल्या मडक्यात बी काड्या व्हत्या. बारीक, पांढऱ्या. म्या राखंनं घासून काढल्या."

"कसल्या काड्या, आत्या?"

त्यांनी मोनालीला काचेपासून मागं ओढलं.

मी शाळेच्या नळावर जाऊन भडाभडा ओकले. लग्न झाल्यापासून त्यातलंच खात होते मी. बोटं चाटून!

घरी आलो. कुलूप काढलं...

आंबूस वास. तान्ह्या पोरानं दूध उलटल्यावर येतो, तो.

महेंद्रनं मडक्यावरची ताटली उचलली. सकाळीच विरजण लावलं होतं.

सायीवर बोटांचे ओरखडे... मोनालीच्या बोटांहून इवले.

"मांजर असंल," सासूबाई म्हणाल्या.

"मांजर ताटली झाकून जातं व्हय?" महेंद्र म्हणाला.

सकाळी महेंद्रनं मडकं दह्यासकट शेतात पुरलं. माझं मागणं एकच होतं. जे काही आहे, त्यानं माझ्या पोरीला सोडावं.

मी स्टीलच्या डब्यात दही लावलं. वाटलं, तिला हे चालायचं नाही. पण मोनालीनं वाटी मागितली. अर्धं खाल्लं. वाटी कॉटखाली सरकवली.

सकाळी वाटी चाटूनपुसून रिकामी...

यंदा मोनाली बारावीला आहे. अजून अर्धंच खाते. परवा मला राहवलं नाही.

"मोना, एवढ्या वर्षांत ते बाळ मोठं न्हाई झालं का गं?"

ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "कुठं? दात बी न्हाई आलं त्याला अजून."

ती वाटी रोज मीच घासते. किळस येते, पण दुसरं कोण घासणार?

कडेला लाळ असते. चिकट...

आणि कोमट.