पायाशी ठेवलेला दगड

हे खरं आहे. ज्याला थाप वाटेल, त्याने खुशाल पुढे वाचू नये.

मी सुगंधा, सातपाटीची. चाळीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन मासे विकले. मी फोनवर बोलते आणि पालघरची भाची तेजल भाषा सुधारून टाईप करते.

गेल्या मे महिन्यातला बुधवार. संध्याकाळचे साडेपाच. बोईसर, चौदावा मजला.

फ्लॅट मुलाचा. दिपेश मस्कतला असतो. नऊ वर्षांपूर्वी ह्यांची बोट बुडाली. खलाशी सापडले, हे मात्र सापडले नाहीत. गावातलं घर खायला उठायचं, म्हणून इथे आले. तर इथे शेजारचं दारच उघडत नाही.

निदान फ्लॅटला लागून असलेल्या गच्चीत बसावं म्हणून खुर्च्या घ्यायला गेले.

दुकानदार प्रफुल्ल म्हणाला, "काकी, वरती जाम वारा हाय. लोखंडी घ्या, नायतर उडतील."

"मेल्या, माझा जन्म किनाऱ्यावर गेला. मला वारा शिकवतोस?"

दोन प्लास्टिकच्या घेतल्या.

पहिल्याच दिवशी एक खुर्ची उडून कठड्यावर आपटली. खाली माणसं चालत होती.

आमच्याकडे वाऱ्यात काही ठेवायचं तर वर दगड ठेवतात. ह्यांच्या जाळ्याला वजनासाठी बांधायचे दोन दगड मी गावाहून आणले होते. दोन्ही खुर्च्यांवर एकेक ठेवला.

त्या बुधवारी मी आत चहा करत होते. वारा सुटला. चिमट्यांसकट कपडे उडाले. तुळशीची कुंडी आडवी झाली.

बाहेर आले तर...

एका खुर्चीवरचा दगड खाली होता.

पडलेला नाही. खुर्चीच्या पायाशी, अलगद ठेवलेला.

आणि खुर्ची हलत नव्हती.

मी माझ्या खुर्चीवरचा दगड उचलला. ती लगेच सरकत दाराशी आली. दुसरी मात्र... जागची हलली नाही.

माझ्या तोंडातून निघालं, "आलात?"

प्लास्टिक करकरलं. माणूस सावरून बसतो ना, तसं.

मी ढसाढसा रडले. मग नऊ वर्षांचं सगळं सांगत बसले. दिपेशचं लग्न, माझे गुडघे, गावातलं बंद घर.

त्यानंतर रोज साडेपाचला दोन कप चहा. खोटं कशाला बोलू, मी सुखात होते.

महिन्याभराने दिपेशचा फोन आला.

"आई, लोखंडी सेट मागवलाय. रविवारी येतील, जुन्या खुर्च्या घेऊन जातील."

"माझ्या खुर्चीला हात लावलास तर बघ!"

"अगं, त्या खुर्चीत एवढं काय हाय?"

मी गच्चीकडे बघितलं.

आणि फोन कानापासून खाली घेतला.

खुर्चीचं तोंड घराकडे होतं. माझ्याकडे. रोजच असायचं. आनंदात माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आमच्या गच्चीतून दर्या दिसतो. लांब, पट्टीएवढा, पण दिसतो. आणि हे नाखवा होते, बोट चालवणारे. दर्याकडे पाठ करून कधी बसले नाहीत. अगदी जेवायलासुद्धा नाही. "ज्याच्यावर पोट हाय, त्याला पाठ दावू नये," म्हणायचे.

मग एवढे दिवस मी... कोणाशी बोलत होते?

लोखंडी सेट आला, मी दारातूनच परत पाठवला. का, ते विचारू नका.

काल मी ती खुर्ची स्वतःच्या हाताने दर्याकडे फिरवली. वर दगड ठेवला. हे असतील तर तोंड दर्याकडेच राहील, एवढं शेवटचं बघायचं होतं. चहा ओतायला आत गेले. दोन मिनिटंसुद्धा नाही...

दगड खाली.

तोंड माझ्याकडे.

दार लावून घ्यावंसं वाटलं. कडीवर हातही गेला. पण मागे सगळं घर रिकामं होतं, आणि दिपेशचा फोन आता थेट पंधरा दिवसांनी येणार.

मी कडी सोडली. दुसरा कप त्या खुर्चीसमोर ठेवला.

ह्यांना किती साखर लागायची, ते मला माहीत होतं.

भीत भीत विचारलं, "साखर किती घालू?"