यादीत नसलेला ब्राउझर

मंठ्याला बसस्टँडमागं सुमेधाचं वेबसाइट बनवायचं छोटं दुकान आहे. एका दुपारी दैवशालाबाई तिथं येऊन बसल्या. बाई निवृत्त शिक्षिका, सुमेधाच्या आत्या. त्यांच्या शाळेचे चाळीस जुने फोटो सुमेधानं एका पानावर मांडले होते, ते खास बाईंच्या मैत्रिणीसाठी, रहिमुन्निसासाठी. शाळेत दोघींनी सव्वीस वर्षं एकत्र शिकवलं. आता ती आष्टीला असते. तिची नजर झपाट्यानं चालली होती. महिनाभरात काहीच दिसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आणि तिच्या फोनवर सगळे फोटो एकमेकांवर चढून बसले होते. फोन तिच्या नवऱ्याचा, ख्वाजामियाँचा. ते वारल्यावरही तिनं तो जुना फोन बदलला नाही.

“आत्या, जुन्या ब्राउझरला काही आज्ञा तशाच कळत न्हाईत. आधी त्याच्या कंपनीचा शिक्का लागतो. प्रीफिक्स म्हणतात त्याला.”

“मंग लाव की.”

“हातानं कोण लावत बसंल? स्टाइलशीट, म्हंजे पानाच्या मांडणीची फाइल, तयार होताना प्लगइन नावाचा छोटा प्रोग्रॅम आपोआप लावतो. आपण ब्राउझरांची यादी द्यायची. मीच जुने वगळले होते.”

तिनं ते यादीत घातले, फाइल पुन्हा तयार केली. शिक्के लागले. मग तिचा हात थांबला.

सगळ्यात खाली एक जास्तीची ओळ होती. त्या ओळीच्या सुरुवातीचा शिक्का, इंग्रजी अक्षरांत: ख्वाजा.

“असा ब्राउझरच न्हाई, आत्या.”

तिनं ती ओळ पुसून पान नेटवर चढवलं. बाईंनी आष्टीला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

“तसंच हाय गं,” रहिमुन्निसा म्हणाली. “ढीगच्या ढीग.”

सुमेधानं फाइल परत तयार केली. ओळ परत आली. प्लगइनमध्ये तो शब्द शोधला, कुठंच नव्हता.

“राहू दे ती,” बाई हळूच म्हणाल्या.

पान चढलं. पलीकडं रहिमुन्निसा एकेक फोटो मोजू लागली.

“दिसले. बराबर रांगेत. एक्केचाळीस.”

“चाळीस आहेत,” बाई म्हणाल्या.

“शेवटच्यात तू हाईस. काँप्युटरपुढं, जांभळ्या साडीत. मागं आमचे हे उभे. जिंदगीभर कॅमेरा ह्यांच्याच हातात, फोटोत कधी आलेच न्हाईत. आज पोटभर बघितलं, दैवशाला.”

बाईंनी मांडीवरच्या जांभळ्या पदराकडं पाहिलं. भीती वाटायला हवी होती. डोळे मात्र कृतज्ञतेनं भरून आले.

“खुश दिसतात?”

“हां. तुझ्या खांद्यावरनं वाकून बघून राह्यलेत.”

बाई वळल्या नाहीत. फक्त जरा बाजूला सरकल्या, त्यांना पडदा नीट दिसावा म्हणून.